कॉम्पॅक्ट घेताय? आधी लेन्स ठरवा

कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची लेन्स निघत नाही, त्यामुळे तो घेताना आपण खरं तर लेन्स विकत घेतो, बॉडी तिच्यासोबत येते. मिररलेसवर लेन्स पटली नाही तर विकून दुसरी आणता येते. इथे लेन्स चुकली की अख्खा कॅमेरा चुकला. तरी बहुतेकांची चौकशी मेगापिक्सेलपासून सुरू होते, मग व्हिडिओ, मग रंग, आणि फोकल लेंग्थचा (किती रुंद दृश्य मावेल ते ठरवणारा लेन्सचा एमएममधला आकडा, लहान म्हणजे जास्त रुंद) विचार कॅमेरा घरी आल्यावर. म्हणून इथे क्रम उलटा ठेवलाय.

सगळ्यात आधी स्वतःचे जुने फोटो उघडा. लाइटरूम क्लासिक या सॉफ्टवेअरमध्ये लायब्ररी फिल्टरच्या मेटाडेटा पट्टीत फोकल लेंग्थचा रकाना लावता येतो, आणि कुठल्या एमएमला किती फोटो काढले ते लगेच दिसतं. १८-५५ची किट लेन्स असेल तर एक गोष्ट हमखास फसवते: १८ आणि ५५ या दोन टोकांना फोटोंचा ढीग असतो. ती आवड नसते, झूम तिथे अडतो म्हणून तो ढीग. दोन टोकं बाजूला ठेवा आणि मधले आकडे बघा. हे आकडे फुल-फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) मापात आणायला निकॉन, सोनी, फुजीच्या एपीएस-सी (त्याहून लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर आकड्याला दीडने गुणा, कॅननवर १.६ने. म्हणजे १८चे २७, २४चे ३६, २७चे साधारण ४०. कॅननवर २२ला ३५ मिळतं. पुढे २८, ३५, ४० म्हणतोय ते याच मापातले.

मग झूमची रिंग तुमच्या आवडत्या मूळ (न गुणलेल्या) आकड्यावर सेलोटेपने चिकटवून टाका आणि काही दिवस तेवढ्यावरच काम करा. फुकटात होणारी याहून चांगली चाचणी नाही. फक्त फोन वापरत असाल तर मुख्य कॅमेरा २४ ते २६च्या आसपास असतो आणि २एक्स दाबलं की ५०च्या जवळ जातो, हे लक्षात ठेवून स्वतःचा कल ओळखा.

या आकड्यांचा प्रत्यक्षात अर्थ काय? आडव्या फ्रेममध्ये समोरच्या दोन मीटरवर २८ला सुमारे २.६ मीटर रुंदी मावते, ३५ला २.१ आणि ४०ला १.८. कागदावर फरक किरकोळ वाटतो. पण दिंडीच्या आत चालत फोटो काढायचे, तर २८ला टाळकरी आणि त्याच्या शेजारचे दोघे सहज येतात, ४०ला एकटा टाळकरी उरतो. पेठांमधल्या बोळांत, वाड्याच्या चौकात, लोकलच्या डब्यात २८ची सवय लवकर होते. अट एकच: माणसाच्या हातभर जवळ जाण्याची तयारी हवी, आणि चेहरा फ्रेमच्या कोपऱ्यात गेला की ताणलेला दिसणार हे मान्य हवं. ज्याला संकोच वाटतो त्याने २८ घेऊन सगळे फोटो क्रॉप करत बसण्यात अर्थ नाही. त्याने सरळ ३५ किंवा ४०कडे जावं. २४ मेगापिक्सेलच्या रिको जीआर थ्रीमध्ये ३५चा क्रॉप लावला की १५ मेगापिक्सेल उरतात, ५०ला ७. ए-३ प्रिंटला १५ पुरतात, ७ ओढूनताणून.

आता झूम की एकच फोकल लेंग्थ. इथे गणित करून बघावं, कारण दुकानातल्या चिठ्ठीवरचा एफ-आकडा (लेन्सचं छिद्र, म्हणजे अॅपर्चर, किती उघडतं तो; लहान आकडा म्हणजे जास्त प्रकाश) सरळ तुलना करू देत नाही. एक इंची सेन्सर १३.२ × ८.८ मिमीचा असतो (नावात इंच असला तरी त्याची कुठलीच बाजू एक इंच नसते), तर एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ मिमीचा. क्षेत्रफळ तिपटीहून थोडं जास्त, म्हणजे प्रकाशाच्या हिशेबात दीड स्टॉपपेक्षा जरा अधिक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). फुल-फ्रेमशी तुलना करायला एक इंचीचा एफ-आकडा २.७ने गुणायचा, एपीएस-सीचा १.५ने. रिको जीआरची एफ/२.८ ही एफ/४.२ होते. फुजी एक्स१००ची एफ/२ ही एफ/३. सोनी आरएक्स१०० मार्क फाइव्ह-ए २४ला एफ/१.८ देतो, ते झालं एफ/४.९, म्हणजे जीआरच्या मागे जेमतेम अर्धा स्टॉप. 'एक इंची म्हणजे रात्री निकामी' असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे पाहिलेलं नसतं.

पण त्याच मालिकेतला मार्क सेव्हन (२०१९) २४-२००चा झूम देताना २४ला एफ/२.८ आणि २००ला एफ/४.५ देतो. गुणाकार केला तर एफ/७.६ आणि एफ/१२. उन्हात, प्रवासात, घाटातल्या दुसऱ्या कड्यापर्यंत पोचायला हा झूम अफलातून, आणि त्याचा ऑटोफोकस या सगळ्या मंडळींत सगळ्यात चपळ. संध्याकाळी सातनंतर देवळाच्या गाभाऱ्यात मात्र आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढली की फोटो दाणेदार होतो) ६४०० आणि वर जातो आणि फोटो फोनपेक्षा फार वेगळा दिसत नाही. एक इंचीवर अॅपर्चर एफ/५.६च्या पुढे बंद करण्यातही फायदा नाही. विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) बारीक तपशील मऊ पडायला लागतो. एपीएस-सीवर एफ/८ निर्धास्त वापरा, एफ/११ला थोडी तडजोड.

खिशाचं म्हणाल तर तो शब्दशः खिसा असतो. जीआर थ्री ३३ मिमी जाड आणि बॅटरी-कार्डासह २५७ ग्रॅम. पँटच्या पुढच्या खिशात जातो. आरएक्स१०० मार्क सेव्हन लांबी-उंचीला त्याहून लहान, पण ४३ मिमी जाड, ३०२ ग्रॅम. फुजी एक्स१००व्हीआय ५५ मिमी जाड आणि ५२१ ग्रॅम. तो गळ्यात किंवा पिशवीत राहतो, खिशात नाही. लायका क्यू३ साडेसातशे ग्रॅमच्या आसपास. त्याला कॉम्पॅक्ट म्हणतात ते लेन्स निघत नाही म्हणून. फुल-फ्रेमचा ६० मेगापिक्सेल सेन्सर, २८ची एफ/१.७ लेन्स आणि धूळ-शिंतोड्यांपासून आयपी५२ संरक्षण असं सगळं त्यात आहे. पण ज्यांना तो परवडतो त्यांना असल्या लेखाची गरज पडत नाही.

खरी निवड बहुतेक वेळा जीआर आणि एक्स१०० यांच्यातच होते. जीआर थ्रीला व्ह्यूफाइंडर नाही, आतला फ्लॅश नाही, धूळ-पाण्यापासून संरक्षण नाही, बॅटरी कंपनीच्याच हिशेबाने २०० फोटो. एवढं सगळं नसताना लोक तो का घेतात? एका हाताने चालतो आणि पाऊण-एक सेकंदात तयार होतो म्हणून. आणि स्नॅप फोकससाठी. स्नॅप फोकस म्हणजे अंतर आधीच ठरवून ठेवायचं आणि बटण एका दमात पूर्ण दाबायचं. कॅमेरा फोकस शोधत बसत नाही. लेन्स १८.३ मिमीची असल्याने एफ/८ला हायपरफोकल अंतर (जिथे फोकस ठेवला की त्याच्या निम्म्यापासून अनंतापर्यंत स्पष्ट येतं) सुमारे २.२ मीटर येतं. स्नॅप २.५ मीटरवर ठेवलं तर साधारण १.२ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट. १.५ मीटरवर ठेवलं तर ०.९ ते ४.७ मीटर. गर्दीत हे दुसरं बरं. २०२१च्या जीआर थ्रीएक्समध्ये लेन्स २६.१ मिमीची, म्हणजे ४० एमएम. तिथे एफ/८ला ही चैन निम्म्यावर येते आणि अंतराचा अंदाज चुकला तर फोटो सरळ मऊ येतो. थ्रीएक्सवाल्यांनी रस्त्यावर ऑटोफोकसच वापरावा, आणि तो अंधारात अडखळतो हे धरून चालावं.

स्नॅप वापरायचा तर प्रकाशाचाही हिशेब ठेवावा लागतो. एफ/८ आणि १/२५० सेकंद हे चालत्या माणसासाठी किमान. दुपारच्या सावलीत यासाठी आयएसओ ४०० लागतो, काहीच अडचण नाही. रात्री दिव्यांनी उजळलेल्या बाजारात तोच आकडा ६४००वर जातो. त्याहून अंधार पडला की एफ/४ करून ऑटोफोकसकडे वळा. ऑटो आयएसओची वरची मर्यादा ६४०० आणि किमान शटर १/२५० अशी नोंद पहिल्याच दिवशी करून ठेवा, नाहीतर कॅमेरा आपल्या मनाने १/४० धरतो आणि सगळे चेहरे हलतात. मीटरिंग (प्रकाशमापन) हायलाइट-वेटेडवर, म्हणजे उजळ भाग जपणाऱ्या पर्यायावर, ठेवलं की पांढरे सदरे आणि टोप्या जळत नाहीत. सावल्या रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमधून वर काढता येतात.

एक्स१००व्हीआयची (फेब्रुवारी २०२४) बाजू वेगळी. ३५ एमएम, एफ/२, ४० मेगापिक्सेल, सेन्सरला स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारं), आणि डोळ्याला लावायला ऑप्टिकल आणि इलेक्ट्रॉनिक दोन्ही होणारा व्ह्यूफाइंडर. मे महिन्याच्या उन्हात मागचा स्क्रीन दिसत नाही तेव्हा या व्ह्यूफाइंडरची किंमत कळते. चष्मा असेल तर दुकानातच डायॉप्टरचं (डोळ्याच्या नंबराशी जुळवायचं) चाक फिरवून चारही कोपरे दिसतात का बघा. ऑप्टिकलमध्ये जवळच्या वस्तूची चौकट सरकते, म्हणून मीटरभराच्या आत इलेक्ट्रॉनिकवरच या. आधीच्या एक्स१००व्हीमध्ये (२०२०) लेन्स हीच, सेन्सर २६ मेगापिक्सेलचा, स्टॅबिलायझेशन नाही. माणसं हलत असतील तर स्टॅबिलायझेशनचा काडीचा उपयोग नाही, त्यामुळे फक्त रस्त्यावर काम करणाऱ्याला व्ही पुरतो. व्हीआयच्या फाइली बऱ्याच मोठ्या. रॉ लॉसलेस कॉम्प्रेस्डवर ठेवा, हार्ड डिस्कवरचा भार हलका होईल.

दोन्ही कॅमेऱ्यांत लीफ शटर (लेन्समध्येच उघडझाप करणारी पाती) आहे. आवाज जवळपास नाही, आणि फ्लॅश भर उन्हातही वेगवान शटरला जुळतो. पण त्याला वेगाची मर्यादा आहे. आयएसओ १२५ला कडक उन्हात एफ/१६ला १/१२५ लागतं, म्हणजे एफ/२ला १/८०००. एक्स१००व्हीआयचं लीफ शटर १/४०००ला थांबतं, फोटो एक स्टॉप जळतो. म्हणून आत चार स्टॉपचा एनडी (प्रकाश कमी करणारा) फिल्टर दिलाय, तो लावला की १/५००वर काम होतं. जीआर थ्री एफ/२.८ला १/२५००वर अडतो, गरज आयएसओ १००ला १/३२००ची असते. त्याचा एनडी दोन स्टॉपचा. हा एनडी एखाद्या बटणावर बसवून ठेवा. एक्स१००बद्दल 'इलेक्ट्रॉनिक शटर आहे की' असं दुकानदार सांगेल, पण त्यात धावत्या गाडीची चाकं तिरकी येतात आणि एलईडीच्या उजेडात पट्टे पडतात.

बिघाडाचं बोलू. जीआरच्या मालकांची सगळ्यात जुनी तक्रार म्हणजे सेन्सरवर जाणारी धूळ. लेन्स आत-बाहेर होताना हवा ओढली जाते आणि खिशातले धागे तिच्याबरोबर जातात. लेन्स निघत नसल्याने ब्लोअरने भागत नाही, कॅमेरा उघडावा लागतो. ही गोष्ट सगळ्याच आत जाणाऱ्या लेन्सना लागू आहे. त्यात समुद्राची वाळू भर घालते: एक कण नळीत अडकला की मोटर कुरकुरते आणि लेन्स अर्ध्यावर थांबते. ज्या खिशात कॅमेरा त्या खिशात रुमाल नको. किनाऱ्यावर कॅमेरा बंद-चालू कमीत कमी करा. एक्स१००ची लेन्स बाहेर येत नाही. व्ही आणि व्हीआय पावसाच्या शिंतोड्यांना टिकतात, पण समोर अॅडॉप्टर रिंग आणि ४९ मिमीचा प्रोटेक्शन फिल्टर बसवला असेल तरच. त्याविना 'वेदर रेझिस्टंट' हे शब्द बॉक्सवरच राहतात.

जुना कॅमेरा घेत असाल तर धुळीची तपासणी पाच मिनिटांची. अॅपर्चर एफ/१६, आयएसओ सगळ्यात खालचा, मॅन्युअल फोकस अनंतावर, एक्स्पोजर +१. पांढऱ्या भिंतीच्या फूटभर जवळ जाऊन कॅमेरा किंचित हलवत एक फोटो काढा. भिंतीवरचे डाग हलून पुसले जातात, सेन्सरवरचे ठिपके जागच्या जागी राहतात. मोठं करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघा. एफ/२.८ला दिसत नाहीत म्हणून विक्रेता तेवढेच फोटो दाखवतो. मग मोबाइलचा टॉर्च लेन्सवर तिरका धरा: कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी, व्यवहार तिथेच संपवा. मागची डायल प्रत्येक दिशेला दाबून आणि फिरवून पाहा, एक खटका एकच पाऊल पुढे गेला पाहिजे. बॅटरी खाचेतून आपोआप सरकून बाहेर येत नसेल तर ती फुगलीय.

नवा घेताना जीएसटीचं बिल, भारतातल्या वॉरंटीचं कार्ड आणि बॉडीवरचा सीरियल नंबर, तिन्हींवर एकच नंबर हवा. दुबई-सिंगापूरहून आलेला नग स्वस्त पडतो खरा, पण इथल्या सर्व्हिस सेंटरमध्ये वॉरंटी नाकारली गेली तर जीआरची धूळ काढण्याचा खर्च त्या बचतीत धरा. मुंबईकरांनी शक्य असेल तर बोरा बाजारात जाऊन हातात घेऊन बघावा. चालू करणं, एक्स्पोजर कमी-जास्त करणं, फोकसचा बिंदू हलवणं, तिन्ही उजव्या अंगठ्याने आणि न बघता जमतं का, एवढंच तपासायचं. २०२५च्या जीआर फोरमध्ये ५३ जीबी आतली मेमरी आणि मायक्रोएसडी कार्ड आहे, त्यामुळे घरातली मोठी एसडी कार्डं तिथे चालणार नाहीत, हेही बिल करण्याआधी ध्यानात घ्या. सुट्या बॅटऱ्या दोन, जीआर थ्रीला तर नक्कीच.

आणि पावसाळा. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर कॅमेरा कपाटात, त्यातही चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवू नका. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा, ६०च्या वर बुरशीला रान मोकळं. नारिंगी रंगाचं जेल घ्या, ओलं झालं की हिरवं पडतं. ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवलं की पुन्हा कामाला येतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये घालायचं नाही. एसी गाडीतून उतरताना कॅमेरा झिपच्या पिशवीतच राहू द्या आणि अर्ध्या तासाने बाहेर काढा. घाईने चालू केला तर बाहेर येणारी लेन्स दमट हवा आत ओढते आणि काचेच्या आतल्या बाजूला धरलेलं धुकं पुसता येत नाही.