सात बावन्नचा महाविष्णू

मुलुंडला थांबणाऱ्या आमच्या सात बावन्नच्या फास्टला डोंबिवलीहून एक भजनी मंडळ बसून येतं. मी चढतो तेव्हा त्यांचं भजन रंगात आलेलं असतं. दोन बाकांच्या मधोमध माझी ठरलेली जागा, म्हणजे उभं राहायची जागा. डोक्यावरच्या फळीवर बॅग, एका हातात कडी, कानात इअरफोन. एका बाजूने टाळ, दुसऱ्या बाजूने 'पुढे चला, पुढे चला', आणि त्या सगळ्यातून वाट काढत माझ्या कानात शिरणारा इलेक्ट्रिक जॅझ फ्युजन, म्हणजे विजेच्या वाद्यांवरची जॅझ आणि रॉकची मिसळ. गेलं वर्ष-दीड वर्ष हाच उद्योग चालू आहे. पन्नाशीत लोक ट्रेकिंग सुरू करतात, कुणी ओट्स खायला लागतं. मी हे सुरू केलं.

मूळचा मी रॉकवाला. गिरगावातल्या चाळीत, दोन खोल्यांच्या घरात, मित्राकडून कोऱ्या कॅसेटवर भरून आणलेला डीप पर्पल हा रॉक बँड ऐकत मोठा झालो. बाबांचं नाट्यसंगीत संपलं की टेपरेकॉर्डर माझ्या ताब्यात येई, तोही आवाज दोनच्या पुढे न्यायचा नाही या अटीवर. रॉक आवाज दोनवर ऐकणं म्हणजे मिसळ तर्रीशिवाय खाणं. पण ऐकलं. त्या काळात माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे असे: गिटारचा सोलो, म्हणजे एकट्या गिटारची फिरत, कधी येतो. गाणं म्हणजे सोलो यायच्या आधीची रांग.

कॉलेजात असताना काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये तासन्‌तास उभं राहायचो. खरेदी महिन्यातून एखादी, ऐकणं फुकट. तिथे एकदा जॅझच्या खणात 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' असं नाव दिसलं. मला प्रामाणिकपणे वाटलं, भक्तिसंगीताची कॅसेट चुकून इकडे आली. उचलून पुन्हा होती तशी ठेवून दिली. निघाला तो याच फ्युजनचा बँड; त्या एका गैरसमजाने मला तीस वर्षं उशीर झाला. ते दुकान २०१६ साली बंद झालं. ऑफिस फोर्टात असल्यामुळे अजून त्या बाजूने जाणं होतं, आणि दर वेळी ती कॅसेट आठवते.

बरं, सुरुवात तरी धड करावी की नाही? सगळे म्हणतात म्हणून मी थेट जॅझचा ट्रंपेटवाला माइल्स डेव्हिस याच्या 'बिचेस ब्रू' या रेकॉर्डला हात घातला. पोहायला शिकायचं म्हणून जुलै महिन्यात मार्व्हच्या समुद्रात उडी मारण्यातला प्रकार. १९६९च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉकचा रॉकमेळा १८ तारखेला संपला आणि १९ला माइल्सने न्यूयॉर्कच्या स्टुडिओत हे रेकॉर्डिंग सुरू केलं. तीन दिवसांत उरकलं. दोन-तीन इलेक्ट्रिक पियानो एकाच वेळी, दोन बेस, ड्रम वाजवणारे एकाहून जास्त, आणि त्यांच्यावरून मधूनच येणारा ट्रंपेट. दीड तासाचा ऐवज. रविवारी दुपारी हॉलमध्ये लावला. वीसेक मिनिटांनी आई आतून आली, थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "वाद्यं लावून झाली की मला हाक मार."

माझंही मत त्या दिवशी फारसं वेगळं नव्हतं. कोण कुठे चाललंय, मुखडा कुठला, सोलो कुठे सुरू झाला, काही पत्ता लागेना. बंद करून मी निमूटपणे पर्पलचा 'मशिन हेड' लावला.

दार सापडलं ते पर्पलच्याच घरात. पर्पलचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर १९७५ला बँड सोडून गेला, त्याच्या जागी टॉमी बोलिन आला, हे मला पाठ होतं. आम्ही ब्लॅकमोरवाले, त्यामुळे या बोलिनला आम्ही कधी घरात घेतलंच नाही. सावत्र आईसारखा वागवला. पण त्याला पर्पलमध्ये घेतलं त्यामागे होती बिली कॉबमचा 'स्पेक्ट्रम' ही १९७३ची रेकॉर्ड. ती लावली आणि घाटकोपर ते कुरला मी श्वास घ्यायचा विसरलो. ड्रमरच्या नावावरची रेकॉर्ड, तीत हा एकवीस-बावीस वर्षांचा पोरगा रॉकची अस्सल, फाटक्या आवाजाची गिटार वाजवतोय, आणि त्याच्याशी भांडतोय जॅन हॅमरचा सिंथेसायझर. शब्द नाहीत, गायक नाही. तरी हे मला कळत होतं, कारण मला ओळखीची अशी एक गोष्ट त्यात होती: जोर.

मग नाती जुळत गेली. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी माणूस आपल्या मावशीच्या जावेचा भाऊ निघतो, तसं. कॉबम आणि हॅमर दोघेही आधी महाविष्णूतले. हाच हॅमर पुढे १९७६ला गिटारवाल्या जेफ बेकच्या 'वायर्ड'वर. बेकच्या आदल्या वर्षीच्या 'ब्लो बाय ब्लो'चा निर्माता कोण, तर बीटल्सचा जॉर्ज मार्टिन. आणि महाविष्णूचा कर्ता पुरुष जॉन मॅक्लॉक्लिन, यॉर्कशायरचा गिटारवाला, तो तर माझ्या त्या फसलेल्या 'बिचेस ब्रू'वरच बसलेला! म्हणजे फिरून मारुतीच्या देवळापाशीच.

दुसऱ्यांदा माइल्सकडे गेलो तो मात्र शहाणपणाने, 'इन अ सायलेंट वे' घेऊन. हीसुद्धा १९६९ची, पण सहा महिने आधीची. अडतीस मिनिटं, बाजू दोन, बास. मुलुंडला चढताना सुरू केली की सीएसएमटीला उतरताना संपते. मधे गाडी रखडली नाही तर. मॅक्लॉक्लिन न्यूयॉर्कला येऊन आठ-पंधरा दिवस झालेले. माइल्सने त्याला सांगितलं, गिटार वाजवता येत नसल्यासारखी वाजव. आणि तो खरंच तशी वाजवतो, एकेक सूर चाचपत, अंधारात बटण शोधावं तसा.

या रेकॉर्डने मला पहिल्या दिवशी फसवलं. गाडी मशीदच्या पुढे सिग्नलला उभी, आणि कानात एकदम मघाचाच तुकडा पुन्हा. मला वाटलं, गर्दीत कुणाचा तरी कोपर लागून फोनने गाणं मागे नेलं. खिशातून काढून पाहिलं तर सगळं बरोबर. टिओ मॅसेरो या निर्मात्याने टेप कापून सुरुवातीचा भाग जसाच्या तसा शेवटी चिकटवला आहे, आणि दोन्ही बाजूंना हेच केलं आहे. एरवी मी याला चोरी म्हटलं असतं. पण मधला सगळा खळाळ ऐकून आल्यावर तेच सूर वेगळे वाटतात, हे मशीदच्या सिग्नलवर उभं राहून मान्य करावं लागलं.

सगळंच आवडलं असं समजू नका. पियानोवाल्या हर्बी हॅनकॉकचा 'हेड हंटर्स' आवडला. त्यातला सिंथेसायझरवर वाजवलेला तो बेस एकदा डोक्यात शिरला की फायली सहीला नेतानाही पाय त्या तालात पडतात. त्याचा पहिला तुकडा पंधरा मिनिटं एकेचाळीस सेकंदांचा, म्हणजे घाटकोपर ते दादर. वेदर रिपोर्ट हा बँड ठीक. रिटर्न टू फॉरेव्हर या बँडचा 'रोमँटिक वॉरियर' मात्र मला शाळेत पहिल्या येणाऱ्या मुलासारखा वाटतो: अक्षर सुंदर, समास आखलेला, गृहपाठ पूर्ण, आणि त्याच्याशी खेळायला जावंसं वाटत नाही. ऐंशीच्या दशकाकडे सरकताना तर यातलं बरंचसं संगीत हॉटेलच्या लिफ्टमध्ये जाऊन बसलं. तिथे मी गेलो नाही.

आता मुद्द्याचं. एका मंगळवारी माझ्या फोनवर महाविष्णूची १९७१ची पहिली रेकॉर्ड लावलेली होती. भजनाचा एक गजर संपला होता, दुसरा लागायचा होता. मांडीवर ढोलकी घेऊन बसलेल्या काकांची नजर माझ्या फोनवर गेली.

"महाविष्णू? कुठलं मंडळ हे?"

"अमेरिकेतलं, काका."

"इस्कॉनवाल्यांचं काय?"

"नाही हो. इंग्लिश गिटारवाला आहे. त्याचे गुरू श्री चिन्मय, त्यांनी ठेवलेलं नाव."

गुरू म्हटल्यावर काकांचा चेहरा निवळला. "बघू." मी एक इअरफोन शर्टाला पुसून त्यांना दिला. पुढचं गाणं होतं मायेच्या नृत्याचं, 'डान्स ऑफ माया'. नाव सांगितल्यावर काकांनी मान डोलावली, म्हणजे विषय योग्य होता. वायरीची लांबी बेताची, त्यामुळे मी वाकून उभा, ते मान वर करून बसलेले, मधल्या माणसाने त्यासाठी पेपर मिटलेला.

गिटारचे ते वाकडेतिकडे सूर सुरू झाले आणि काकांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता काढतील. पण त्यांची बोटं ढोलकीच्या पानावर हलायला लागली. आवाज न करता, नुसती टेकत होती. एकदा चुकली, दुसऱ्यांदा चुकली, थांबली. तिसऱ्यांदा बसली. भांडुप मागे पडलं तसे ते म्हणाले, "दहा."

"काय दहा?"

"मात्रा हो. झपताल नव्हे. झपताल दोन-तीन, दोन-तीन. ह्याचं वजन निराळ्याच ठिकाणी पडतंय. पण आहेत दहा." मग मधला तो डुलत येणारा ब्लूजचा भाग सुरू झाला तेव्हा ते गालात हसले. "हा कोण ठुमकत आला मधेच?" आणि शेवटाकडे सुरुवातीची गिटार त्याच ठुमकत्या ठेक्यावर येऊन बसली, तेव्हा त्यांनी डोळे उघडून माझ्या मनगटावर चापट मारली. "अरे, दोन्ही एकत्र घातलंन!"

हे गाणं मी तोवर वीसेक वेळा ऐकलं असेल. गिटार किती वेगात चालते यापलीकडे माझ्या हाती काही लागलं नव्हतं. दोन्ही एकत्र घातलंय हे मला ऐकूच आलं नव्हतं. गिरगावात बाबा रेडिओसमोर बसून मांडीवर बोटं टेकवत असायचे. मला ती सवय वाटायची, काहींना नखं कुरतडायची असते तशी. ते काय करत होते हे विचारायचं मला कधी सुचलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी पिंक फ्लॉइडचं 'मनी' लावलं. १९७३चं, रॉकवाल्यांच्या घरातलं देवघरच. बोटं मांडीवर ठेवली. सात मात्रा आल्या. पुन्हा मोजलं, सातच. पंचवीस-तीस वर्षं हे गाणं म्हणत होतो, बाथरूममध्ये, बसस्टॉपवर, आणि ते सातात आहे हे माहीत नव्हतं. सगळ्यात कहर म्हणजे, माझा लाडका गिटारचा सोलो येतो तेव्हा गाणं सात सोडून सरळ चारावर उतरतं. मला तिथे मोकळं मोकळं वाटायचं ते यामुळे! दुसऱ्या दिवशी काकांना रिपोर्ट दिला. "सात म्हणजे रूपक," ते म्हणाले, "पण रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, खाली धरतात, टाळी नाही. ह्यांनी काय केलंय बघायला पाहिजे." त्यांनी फोन मागून घेतला.

पुढच्या आठवड्यात एकदा गाडी कुरल्याला असताना मी सहज म्हटलं की हाच महाविष्णूवाला नंतर विजेची गिटार बाजूला ठेवून मांडी घालून बसला, 'शक्ती' नावाच्या मेळात, झाकिर हुसेनांबरोबर.

"आपल्या माहीमच्या झाकिरबरोबर?"

"हो."

"मग हे आधी सांगायचं होतंत!" काका जवळजवळ रागावले. दीड आठवडा मी त्यांना उगाच गुरूंच्या बाजूने पटवत होतो.

'बिचेस ब्रू' आता पुन्हा काढला आहे. त्यात मोजायला गेलं की हरवायला होतं, पण बेसवाल्याचं बोट धरून ठेवलं की बाकीचे कुठे फिरून येतात ते दिसतं. रोज थोडा थोडा ऐकतो. आईला मात्र अजून हाक मारलेली नाही.

मंडळात माझं नाव 'महाविष्णू' पडलं आहे. गेल्या सोमवारी इअरफोन घरी विसरलो होतो. "या महाविष्णू, सरका रे जरा," म्हणत त्यांनी मला चौथ्या सीटवर अर्धं टेकायला दिलं आणि हातात टाळ ठेवला. भजनी ठेका आठ मात्रांचा, पोरंसोरं वाजवतात. भांडुपपर्यंत जमलं. मग कुठूनसं ते दहाचं मोजणं डोक्यात शिरलं, आणि विक्रोळीच्या अलीकडे सगळ्यांचे टाळ एकीकडे, माझा एकटा दुसरीकडे. बुवा गाता गाता वळले. काकांनी ढोलकी न थांबवता माझ्याकडे वाकून पाहिलं.

"आपल्याकडे आठच, साहेब."