मागचे स्पीकर ‘मेले’ त्याची गोष्ट

होम थिएटर बसवण्याच्या धंद्यात सगळ्यात जास्त कानावर येणारी तक्रार म्हणजे ‘मागचे स्पीकर वाजत नाहीत’. बहुतेक वेळा ते वाजत असतात, गिऱ्हाइकाला हवे तसे वाजत नसतात इतकंच. हे फोनवर पटवता येत नाही, जावंच लागतं.

कोथरूडच्या या काकांचा सूर मात्र तक्रारीचा नव्हता, थेट निकालाचा होता. “दोन्ही मेलेत. येताना नवीन जोडीच घेऊन या.” निवृत्त इंजिनियर. कॉलेजात असल्यापासून रॉकचं वेड, कॅसेटी झिजवलेल्या. आता मुलानं हौसेनं ५.१ सिस्टिम (पाच स्पीकर आणि खालच्या सुरांसाठी एक वूफर) घेऊन दिलेली आणि ती एका दुकानाच्या माणसानं तासाभरात ‘लावून’ दिलेली. मी नवीन जोडी नेली नाही. पिशवीत मीटर, टेप, थोडी वायर आणि माझ्या दोनतीन डिस्क घेतल्या.

हॉल साधारण सोळा बाय अकराचा. जमिनीला चकचकीत टाइल्स, पडदे पातळ, सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला आणि रिअर, म्हणजे मागचे, स्पीकर सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, कानाजवळ. रिसीव्हरमधून, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या पेटीतून, टेस्ट टोन सोडला. दोन्ही रिअर व्यवस्थित खरखरले.

“अहो, मग गाण्याच्या वेळी का गप्प बसतात? गेल्या महिन्यापर्यंत मस्त गिटार यायची मागून!”

मागून गिटार येत होती, हे ऐकल्यावर अर्धा उलगडा झाला. दुकानवाल्यानं रिसीव्हर ‘ऑल चॅनल स्टिरिओ’वर ठेवला होता. त्यात पुढचाच आवाज सगळ्या स्पीकरना वाटला जातो. लग्नाच्या हॉलला ते ठीक आहे. मग सुट्टीत आलेल्या नातवानं रिमोटशी खेळता खेळता तो मोड बदलला. आता रिसीव्हर डिस्कवर जे असेल तेच वाजवणार. आणि कॉन्सर्टच्या पुष्कळ डीव्हीडी आपल्याआपण साध्या दोन चॅनलच्या ट्रॅकवर सुरू होतात. डीटीएस किंवा डॉल्बी, म्हणजे पाचही स्पीकरना वेगवेगळा आवाज देणारा ट्रॅक, हवा असेल तर मेन्यूत जाऊन निवडावा लागतो. काका तिथे कधी गेलेच नव्हते. प्लेअरचं डिजिटल आउटपुटही पीसीएमवर होतं, ते बिटस्ट्रीमवर आणलं, म्हणजे डिस्कवरचा ट्रॅक जसाच्या तसा रिसीव्हरकडे जाईल.

काकांची लाडकी डिस्क ईगल्स या अमेरिकन रॉक बँडची, ‘हेल फ्रीझेस ओव्हर’. १९८० साली फुटलेली मंडळी १९९४ मध्ये परत एकत्र आली, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या बरबँकच्या स्टुडिओत निमंत्रितांसमोर झालेलं हे रेकॉर्डिंग. आपल्याकडे स्पीकर विकणाऱ्या प्रत्येकानं त्यातलं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ इतक्या वेळा वाजवलंय की मला ते झोपेत ओळखू येईल. तरी डेमोला त्याच्याइतकं उपयोगी दुसरं नाही, हे कबूल करावं लागतं. डीटीएस निवडलं. नायलॉन तारांच्या गिटारवरची ती नवी सुरुवात झाली. लोकांना आधी गाणं ओळखूच येत नाही. मग नेहमीची सुरावट लागते आणि आरोळी उठते.

काका ऐकत राहिले. मग म्हणाले, “हे काय? मागून नुसत्या टाळ्या!”

“काका, बँड पुढे उभा आहे ना? मग गिटार मागून कशी येईल?”

“पैसे पाच स्पीकरचे दिलेत.”

याला उत्तर नसतं. मी गाणं चालू असतानाच रिअर बंद केले. गायकाचा आवाज होता तिथेच, गिटारही तिथेच, पण सगळा प्रकार टीव्हीच्या भिंतीला जाऊन चिकटला. परत चालू केले, तर स्टेजच्या मागे खोली उघडल्यासारखी झाली. असं तीनचारदा केलं. काका काही बोलले नाहीत, पण रिमोट माझ्या हातातून घेऊन स्वतः करून बघायला लागले, तेव्हा मासा गळाला लागलाय हे कळलं.

मग मी टेप काढला. रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर दहा फुटांवर आहेत असं भरलेलं होतं. प्रत्यक्षात पुढचे अकरा फुटांवर आणि रिअर जेमतेम चार. आवाजाला एक फूट कापायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. म्हणजे रिअर सात मिलिसेकंद आधी बोलत होते. आकडा किरकोळ वाटतो, पण जो आवाज आधी पोचतो तिकडे कान ओढला जातो. खरी अंतरं भरली. मीटर लावून पाचही स्पीकर एका पातळीला आणले. रिअर चांगलेच चढे होते, ते उतरवले. काका म्हणाले, “म्हणजे तुम्ही आणखी कमीच केलेत!”

वाद घालण्यापेक्षा माझी डिस्क लावली. क्वीन या बँडची, वेम्बली स्टेडियम, १२ जुलै १९८६. पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी माइकवर एक लकेर घेतो आणि सत्तर हजारांवर माणसं ती तशीच परत करतात. ही जागा अशी की मागचे स्पीकर काय कामाचे, हे सांगावं लागत नाही. लकेर समोरून गेली, उत्तर चहूबाजूंनी आलं. आणि आवाजाच्या शेपटीवरून कळत होतं की हे उघडं मैदान आहे, मघाचा तो स्टुडिओ नव्हे. मला विचाराल तर रिअरचं काम एवढंच: आपण केवढ्या जागेत बसलोय ते सांगणं.

काका उठले. शेल्फमधून एक डिस्क काढली आणि माझ्यासमोर धरली. पिंक फ्लॉइडची ‘पल्स’. “आता बोला. यात तर घड्याळं, पैशांचे खणखणाट, सगळं मागूनसुद्धा येतं. माझ्या भाच्याकडे ऐकलंय मी.”

बरोबर पकडलं होतं त्यांनी. पण फ्लॉइडचं प्रकरण वेगळं आहे. त्यांच्या कार्यक्रमात स्पीकर खरोखरच प्रेक्षकांच्या भोवती असायचे. मे १९६७ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये त्यांनी हा प्रयोग केला. अझिमथ को-ऑर्डिनेटर नावाच्या पेटीवरची जॉयस्टिक फिरवून त्यांचा कीबोर्डवाला रिचर्ड राइट आवाज हॉलभर हिंडवायचा. ‘पल्स’ ऑक्टोबर १९९४ मधलं, लंडनच्याच अर्ल्स कोर्टचं, पण पद्धत तीच. म्हणजे तिथे जाऊन बसला असतात तरी घड्याळं मागून वाजलीच असती. तिथे जे होतं तेच इथे. काकांना हा मुद्दा पटला. इंजिनियर माणसाला कारण दिलं की बरं वाटतं.

राहिला सोफा. पाठ भिंतीला लावून बसलं की खालचे सूर नको तेवढे फुगतात, कारण खोलीतले घुमारे भिंतीपाशीच सगळ्यात जोरात असतात. सोळा फुटांच्या खोलीत पहिला घुमारा पस्तीस हर्ट्झच्या आसपास पडतो, आणि कोपऱ्यात कोंबलेला वूफर त्याला खतपाणी घालतो. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’तला ड्रमचा तो प्रसिद्ध ठोका इथे ठोका न राहता ढगांचा गडगडाट झाला होता. वूफर कोपऱ्यातून बाहेर काढला आणि सोफा अडीच फूट पुढे घ्यायला सांगितलं.

इतका वेळ स्वयंपाकघरातून लक्ष ठेवून असलेल्या काकू तेव्हा बाहेर आल्या. “आणि बाल्कनीत कपडे वाळत घालायला मी कुठून जायचं?”

मी भौतिकशास्त्र सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. काकांनी बाजू मांडायचा प्रयत्न केला, पण त्यांचाही आवाज या विषयावर फारसा चढला नाही. मग टेप पुन्हा निघाला, काकूंनी बादली हातात घेऊन जाऊन दाखवलं, आणि सव्वा फुटावर तह झाला. सव्वा फुटानंही गडगडाट बराच उतरला. सोफ्यामागच्या भिंतीवर जाड सतरंजी टांगायची सूचना मात्र तत्काळ फेटाळण्यात आली.

पुढे एचडीएमआय केबल बदलायला त्यांच्याकडे गेलो, तेव्हा सहज सेटिंग उघडलं. मी ठेवलेल्या पातळीपेक्षा दोन्ही रिअर चार डेसिबलनं वर होते. मी काकांकडे बघितलं. काकांनी काकूंना चहा टाकायला सांगितला.