चारशे एमएमचा शोध चालूच

आज कोथरूडला एका काकांकडे कॅननची ४०० एमएम एफ/५.६ एल ही जुनी, लांबचे पक्षी टिपायची लेन्स विकत घ्यायची म्हणून बघून आलो. १९९३ साली आलेलं मॉडेल. बाहेरून अगदी चकाचक, सरकणारं हूडसुद्धा घट्ट. मग मोबाइलचा टॉर्च मागून मारला आणि पुढून तिरकं बघितलं. धुळीचे कण होते, त्याचं काही नाही. एवढ्या जुन्या लेन्समध्ये धूळ नसती तरच संशय आला असता. पण मागच्या काचेच्या कडेला कोळिष्टकासारखे बारीक पांढरे धागे. फंगस, म्हणजे बुरशी! पुण्याचे पावसाळे बॅगेत बंद राहून काढले की दुसरं काय होणार?

काका म्हणाले, "अहो, फोटोत दिसत नाही." खरंय, उन्हासमोर धरेपर्यंत नाहीच दिसत. तिथे मात्र कॉन्ट्रास्ट पार झोपतो, फोटो फिका पडतो. आणि काचेवरचं कोटिंग बुरशीने खाल्लं गेलं असेल तर साफ करूनही डाग राहतोच.

आयएस (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) नाही म्हणून लोक या लेन्सला नाकं मुरडतात, ते मला पटत नाही. भिगवणला उडत्या पक्ष्यांसाठी शटर १/१६०० सेकंदाला ठेवायचा, तिथे आयएस करणार काय? वजन सव्वा किलो, हातात धरून आरामात चालते.

(निकॉनवाल्यांनो, जुनी ८०-२०० एएफ-डी लेन्स घेण्याआधी तुमच्या कॅमेऱ्याच्या बॉडीत फोकस मोटर आहे ना बघा, लेन्समध्ये ती नसते. डी५६०० कॅमेऱ्यात नाही, हाताने रिंग फिरवत बसाल.)

काका भाव कमी करायला तयार होते. चहा घेतला आणि नाही म्हणालो. कुणाकडे स्वच्छ काचेची असेल तर इनबॉक्स करा.