फॉर्मवर तंबाखू ‘नाही’, गालात चट्टा

उपकेंद्रात एनसीडी, म्हणजे बीपी, शुगर, कॅन्सर अशा असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीचा दिवस होता. एका ताईंचा सीबॅक फॉर्म (या आजारांचा धोका गुणांत मोजणारा) अगदी स्वच्छ: वय 46, तंबाखू ‘नाही’, कमरेचा घेर 80 सेंमीच्या आत, घरात कुणाला बीपी-शुगर नाही. वयाचे 2 गुण, बाकी शून्य. प्राधान्य मिळतं ते 4 च्या वर, म्हणून त्यांचा नंबर शेवटी.

तोंड मात्र तिशीपुढच्या प्रत्येकाचं बघायचं असतं. टॉर्च, ग्लोव्हज, गॉज आणि दोन लाकडी पट्ट्या पुरतात. बघताना हमखास सुटते ती खालची हिरडी आणि गाल यांच्यामधली खाच. पट्टीने गाल बाहेर ओढल्याशिवाय ती दिसतच नाही. ताईंच्या डाव्या खाचेत पांढरा चट्टा होता, मधोमध लालसर. गॉजने पुसला, निघाला नाही. बोटाने चाचपला तर एक कड टणक लागली. मानेत गाठ नव्हती, तोंडात तीन बोटं उभी जात होती, म्हणजे तोंड नीट उघडत होतं. दुखत काहीच नव्हतं.

“ताई, मशेरी लावता का?”

“व्हय, सकाळ-सांजच्याला. पर तंबाखू न्हाई खात म्या.”

मशेरी हा भाजलेला तंबाखूच, पण बायका ती दात घासण्यात धरतात. म्हणून मशेरी, तपकीर, गुल असं नाव घेऊनच विचारायला हवं. आणि रोजच्या तंबाखूचे 2 गुण धरले तरी बेरीज 4 च, म्हणजे प्राधान्य नाहीच! हे गुण रांग लावायला आहेत. त्यावरून कॅन्सर नाही असं ठरवणं फार धोक्याचं.

टोकदार दात लागून झालेली जखम असेल तर दात गुळगुळीत करून दोन आठवड्यांनी पुन्हा बघता येतं. लाल किंवा टणक भाग असेल तर एक दिवसही थांबू नये. तालुक्याच्या दवाखान्यात पाठवायच्या चिठ्ठीवर नुसतं ‘तोंडात चट्टा’ लिहिलं तर पेशंट मलम घेऊन परत येण्याची भीती असते. म्हणून जागा, दीड सेंमी माप, लाल भाग, टणक कड, मशेरी किती वर्षं, सगळं लिहिलं आणि आशाताईंना सोबत पाठवलं. मजुरी बुडवून एकट्या बाईने तालुक्याला जाणं अवघड असतं. बऱ्याच केसेस तिथेच निसटतात.

तिथे तपासणीसाठी तुकडा (बायोप्सी) लाल-टणक भागातून घेतला गेला. रिपोर्टमध्ये कॅन्सर, पण पहिल्या टप्प्यातला. ऑपरेशन झालं, मशेरी बंद झाली. पहिलं वर्ष दर एक ते तीन महिन्यांनी तोंड आणि मान तपासायची आहे. त्यांच्या घरात सासू आणि जाऊही मशेरी लावतात. त्यांची तपासणी याच आठवड्यात ठेवली आहे.