हाती आलेले काम

सोमवार, रात्र

तरुण संघातील एका मुलीने काल उपासनेनंतर मला विचारले, की देवाने आपल्याला नेमके कोणत्या कामासाठी घडवले आहे हे माणसाने ओळखावे तरी कसे. ती चित्रे काढते, गाते, थोडेफार लिहिते, आणि यांपैकी कशात आपला खरा जीव आहे हे ठरत नाही म्हणून बरेच दिवस तिने कशालाच हात लावलेला नाही. तिच्या वयाच्या मुलांना चहूकडून एकच गोष्ट ऐकवली जाते: आधी आपली आवड शोधा, मग तिचा ध्यास घ्या. व्यासपीठावरून उपदेश करणारे पाहुणेही पुष्कळदा हेच सांगतात, फक्त आवडीच्या जागी पाचारण हा शब्द घालतात. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही हे तिच्याशी बोलण्यापूर्वी स्वतःशी नीट मांडून पाहावे म्हणून आज वही उघडली आहे.

जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, असे येशूचा प्रेषित पौल याने कलस्सै गावच्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात लिहिले. आपल्याकडे हे वचन लग्नपत्रिकेवर, शाळेच्या भिंतीवर, संगीताच्या स्पर्धेत सर्वत्र आढळते. पण त्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ते ज्या जागी आहे ती जागा पाहिली, तर पौल तेथे दासांशी बोलत आहे. ज्यांनी आपले काम निवडले नव्हते, ज्यांना ते सोडण्याचीही मुभा नव्हती, अशा माणसांना तो जिवेभावे या शब्दाचा मान देतो. दासपणाचे समर्थन म्हणून या ओळी वापरल्या गेल्या, हे दुःख आहेच; परंतु ज्यांच्या श्रमाला जगात काही किंमत नव्हती त्यांचे श्रम प्रभू स्वतःकडे जमा करून घेतो, हा त्यातला दिलासा मला फार मोठा वाटतो. उत्कटता ही कामाच्या निवडीवर अवलंबून असती तर पौलाला त्या लोकांशी बोलण्यासारखे काही उरलेच नसते.

बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या एकतिसाव्या अध्यायातला बसालेलही असाच. शास्त्रात देवाच्या आत्म्याने परिपूर्ण केलेला म्हणून ज्याचा प्रथम स्पष्ट उल्लेख येतो तो संदेष्टा नाही, राजा नाही. तो सोने, रुपे आणि पितळ घडवणारा, रत्ने पाडून कोंदणात बसवणारा, लाकडावर नक्षी कोरणारा कारागीर आहे. मात्र निवासमंडपाचा, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूचा, नमुना त्याला दाखवलेला नव्हता. तो डोंगरावर मोशेला दाखवला गेला होता. दुसऱ्याने पाहिलेली गोष्ट बसालेलाने आपल्या हातांनी उभी केली, आणि पुढे पस्तिसाव्या अध्यायात म्हटले आहे की ती विद्या इतरांना शिकवण्याची बुद्धीही देवाने त्याला आणि त्याचा सोबती अहलियाब याला दिली. कलावंत म्हणून मला हा नमुना नेहमी आधार देतो.

मंगळवार, पहाटे

रात्री झोप लागली नाही, कारण मनात कवी नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक येऊन बसल्या.

नगरात वाढलेल्या आम्हा ख्रिस्ती माणसांना नारायण वामन टिळकांची ओळख करून द्यावी लागत नाही. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा ते कवी होतेच. श्रद्धेने त्यांना कविता दिली नाही. असलेल्या कवितेला तिने नवा धनी दिला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत, आणि त्या वाटेने येताना अभंग, पद, कीर्तन हे सारे सोबत घेऊन आले. त्यांच्या आधी मराठी मंडळ्यांत गीते गायली जात नव्हती असे नाही, पण त्यांतली पुष्कळशी भाषांतरित असत आणि परक्या चालींना शब्द कसेबसे बसवलेले असत. 'उपासना संगीत' हे आमचे गीतांचे पुस्तक उघडून टिळकांचे पद काढले की आजही गाणाऱ्यांचे आवाज आपोआप मोकळे होतात. त्यांची उत्कटता ज्वालेसारखी होती, हे त्यांच्या आयुष्याकडे पाहून कोणीही सांगेल. 1912 पासून अखेरपर्यंत 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन, आणि आयुष्याच्या शेवटी साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा. आमच्या तरुणांना कळकळीचे उदाहरण म्हणून टिळकच सांगितले जातात, आणि मग ज्यांच्या आत असे काही पेटलेले नाही ते निमूटपणे मागच्या बाकावर जाऊन बसतात.

अशांसाठी मला लक्ष्मीबाई हव्या असतात. पतीच्या धर्मांतराने त्यांचा संसार मोडला. पुढची सुमारे पाच वर्षे त्या हिंदूच राहिल्या, त्यांतला बराच काळ पतीपासून दूर काढला, आणि जातिभेद हा देवाचा नव्हे, माणसाचा आहे हे स्वतःच्या बुद्धीला पटल्यानंतरच त्यांनी ख्रिस्ताकडे पाऊल टाकले. कोणी ओढून नेले म्हणून त्या गेल्या नाहीत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. शाळा त्यांनी पाहिली नव्हती. अक्षरे टिळकांनी घरी शिकवली, जोडाक्षरांशी झगडा पुढे कितीतरी वर्षे चालू होता. घरात पाहुणे, निराधार मुले, विद्यार्थी यांचा राबता असे, काही काळ बालकवी ठोंबरेही त्या घरात राहून गेले, आणि त्या साऱ्यांच्या जेवणाखाण्याची काळजी त्यांच्या डोक्यावर होती. अशा बाईला, तुमचे पाचारण काय, असे कोणी विचारले असते तर त्यांनी चुलीवरचे आधण दाखवले असते.

टिळक 1919 च्या मे महिन्यात गेले. ख्रिस्ताचे चरित्र ओवीत गाण्याचा त्यांचा संकल्प होता, त्याला त्यांनी 'ख्रिस्तायन' असे नाव दिले होते, आणि त्याची सुरुवातीची थोडीच प्रकरणे लिहून झाली होती. ते काम लक्ष्मीबाईंनी पुढे नेले आणि पुरे केले. त्या ग्रंथाचा फार मोठा भाग त्यांचा आहे. ज्या बाईला जोडाक्षर नीट लिहिता येत नव्हते तिने, पन्नाशीला वैधव्य आल्यानंतर, एका मान्यवर कवीचे अर्धवट राहिलेले महाकाव्य हाती घेतले, यातले धाडस मला टिळकांच्या धर्मांतराइतकेच मोठे वाटते. 'स्मृतिचित्रे'ही त्याच उत्तरायुष्यातली. 1934 पासून ती पुस्तकरूपाने येऊ लागली आणि मराठी आत्मचरित्राचा एक मानदंड होऊन बसली. ही उत्कटता कोणत्या शोधातून सापडली? माझ्या मते शोधातून नव्हेच. ती एका अपुऱ्या हस्तलिखिताच्या रूपाने घरात पडून होती, आणि त्यांनी ती उचलली.

बुधवार

त्या मुलीशी आज बोलले. माझे काका कीर्तन करीत. त्यांची आख्यानांची एक वही माझ्याकडे आहे. तिच्यात येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राचे, घर सोडून गेलेला धाकटा मुलगा परतताच बाप धावत सामोरा जातो त्याचे, आख्यान निम्म्यावर थांबले आहे, कडेला फक्त चालींची नावे आणि मध्येच ढोबळ रेखाटने आहेत. ती वही मी तिला दिली आणि आख्यान पुरे कर म्हणून सांगितले. चित्राने, शब्दाने, गाण्याने, तिला जमेल तसे. तिने पाने उलटली आणि लगेच विचारले, की बापाला धावत येताना पाहून थोरल्या भावाचा चेहरा कसा दिसत असेल. मी म्हटले, थोरला भाऊ त्या वेळी शेतात होता, त्याने ते धावणे पाहिलेच नाही. मग, त्याने न पाहिलेले धावणे हेच माझे चित्र, असे म्हणून ती वही घेऊन गेली.

शुक्रवार, रात्र

ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू होण्याआधी माझा अभंग पुरा व्हायला हवा. विषय बेथानी गावातल्या मरीयेचा, योहानाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातला: वल्हांडण सणाला सहा दिवस उरलेले, तिची बहीण मार्था वाढते आहे, भाऊ लाजर पंक्तीला बसला आहे, आणि मरीया जटामांसीचे मोलाचे सुगंधी तेल येशूच्या पायांना लावून आपल्या केसांनी ते पुसते. मोठ्या अभंगाचा साचा निवडला आहे, पहिले तीन चरण सहा अक्षरांचे, चौथा चारांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्याला. पहिले कडवे आज बसले:

ओतिले ते तेल । कोंदले सदन ।
पुसले चरण । निजकेशे ॥

आधी दुसऱ्या चरणात 'सुगंध भरला' होते. अक्षरे सहाच, पण 'चरण'ला यमक मिळेना, आणि वास नुसता भरत नाही, तो कोंदतो, दारे बंद असलेल्या घरात माणसाला त्यातून सुटका नसते. 'कोंदले' सापडले तेव्हा मरीयेचे धारिष्ट मला प्रथमच समजले असे वाटले. अशा वेळी प्रार्थना कोठे संपते आणि लिहिणे कोठे सुरू होते हे मला वेगळे करता येत नाही, आणि ते वेगळे करण्याची इच्छाही नाही.

पुढच्या कडव्यात आक्षेप येतो. हे तेल तीनशे दीनारांना विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत? दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, तेव्हा जवळजवळ वर्षभराची कमाई त्या बाईने एका संध्याकाळी ओतून टाकली. हा प्रश्न आमच्या मंडळीतही गेल्या आठवड्यात उभा राहिला. पेटीचा भाता हवा धरत नाही, नवी पेटी घ्यावी असा विषय निघाला, तेव्हा एका वडीलधाऱ्या सभासदाने विचारले, की छताचे पत्रे गळत असताना गाण्यावर खर्च कशाला. त्यांचे म्हणणे कोणी उडवून लावू नये असे मला मनापासून वाटते. पत्रे खरोखरच गळतात, आणि पावसाळ्यात मागच्या दोन बाकांवर म्हातारी माणसेच बसलेली असतात. तरीही येशूने मरीयेची बाजू घेतली. गरिबांचा विषय त्याने बंद केला नाही, ते नेहमी तुमच्याजवळ आहेत असे सांगून तो शिष्यांच्याच अंगावर ठेवला. पण तिने जे केले ते वाया गेले असे कोणालाही म्हणू दिले नाही. उपासनेतल्या कलेसाठी याहून भक्कम आधार मला माहीत नाही. पत्रे आणि पेटी या दोन्हींची वर्गणी एकाच वेळी सुरू करावी असे मी कमिटीला सुचवणार आहे, आणि छताच्या वर्गणीत माझे नाव आधी घालणार आहे.

शनिवार

दुसऱ्या कडव्यात तेलाविषयी आक्षेप घेणाऱ्या यहूदाचे, येशूच्या शिष्याचे, नाव घालावे की नाही यावर दुपार गेली. योहान ते घेतो, आणि तो चोर होता हेही सांगतो. मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात मात्र अशाच प्रसंगी चडफडणारे 'कित्येक जण' आहेत, नावे नाहीत. अभंग योहानाचा, म्हणून नाव यायला हवे हा एक विचार. पण गाताना समोरच्या बाकावर ते पत्र्यांचे म्हणणे मांडणारे गृहस्थ बसलेले असतील; ते चोर नाहीत, उलट मंडळीची खरी काळजी वाहणारे आहेत, आणि माझ्या गाण्यातून यहूदाचे बोट त्यांच्याकडे वळलेले मला चालणार नाही. शेवटी नाव गाळले. 'म्हणती कित्येक' असा पहिला चरण धरला आहे, सहा अक्षरे बरोबर बसतात, आणि त्या कित्येकांत मलाही उभे राहता येते. उद्या उपासनेनंतर तालीम आहे. भाता एकाने हाताने दाबून धरायचा, दुसऱ्याने वाजवायचे, असे ठरले आहे.