दहाचं तिकीट आणि माझा लेट मार्क

गोव्यात वास्कोजवळच्या एका कारखान्यात मी पगारपत्रकं करतो. व्हिजिटिंग कार्डावर पद भारदस्त आहे, पण दिवस जातो तो हजेरी, ओव्हरटाइम, रजा आणि लेट मार्कमध्ये. महिन्याच्या शेवटी लोक माझ्याशी जरा जास्तच गोड बोलतात, ते त्यामुळेच.

ही गोष्ट गेल्या पावसाळ्याच्या तोंडाची. सावर्डे-कुडचड्याहून आमची एक बस येते, अडतीस कामगारांची. बसवाल्याने दर वाढवून मागितला आणि आमच्या फायनान्सच्या साहेबांच्या डोक्यात आलं की बसच बंद करावी. "कुळे-वास्को पॅसेंजर आहे की. दहा रुपयांत येतील. तुम्ही फक्त गाडी शिफ्टला मिळते का ते बघून रिपोर्ट द्या."

मी राहायला कुडचड्यालाच, पण मोटरसायकलवाला. गाडीत बसून वर्षं झाली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे सावर्ड्याच्या खिडकीवर दहाची नोट सरकवली, तिकीट घेतलं आणि फलाटावर उभा राहिलो. खरं सांगायचं तर सहलीला निघाल्यासारखंच वाटत होतं.

डब्यात आमच्या पॅकिंगमधल्या एक बाई भेटल्या. त्या बसच्या नाहीत, रोज गाडीनेच येतात. मला बघून आधी दचकल्या. "सर, तुम्ही? कोणाला पकडायला आलात काय?" मग सरकून जागा दिली. मी पासाचं विचारलं. म्हणाल्या, अडीचशेच्या आत भागतं. "पण करोनात गाडी बंद पडली आणि परत सुरू झाली ती तीस रुपये घेऊन. दहाचे तीस! दोन वेळचे साठ. तेव्हा मी महिनाभर घरीच बसले. परवडेना." कमीत कमी भाडं पुन्हा दहावर आलं ते 2024च्या फेब्रुवारीत. आमच्या फाइलमध्ये त्या काळात एका वर्षी 'गैरहजेरीचं प्रमाण चिंताजनक' असा शेरा आहे. तो मीच लिहिलाय. कारण लिहायचं सुचलं नव्हतं.

चांदर गेलं, मडगावला डबा भरला, माजोर्डा गेलं. कासावलीला गाडी थांबली ती थांबलीच.

पाच मिनिटं, दहा मिनिटं. लोकांनी मोबाइल काढले. पलीकडच्या बाकावर टोपलीवाली एक म्हातारी खिडकीतून वाकून बघत बसली होती. ती पुटपुटली, "परत कोळसो आयलो."

आणि आलाच. समोरून, मुरगाव बंदराकडून. आधी इंजिनं, मग वाघिणी. मी मोजायला लागलो आणि चाळिसाच्या पुढे नाद सोडला. काही वाघिणींवर ताडपत्री होती, काहींवरची एका बाजूने सुटून फडफडत होती. आमच्या बाईंनी पदर नाकाला लावला आणि सवयीने खिडकी खाली ओढली. मी खिडकीच्या पट्टीवरून बोट फिरवलं, तर बोटाचं टोक काळं. ते रुमालाला पुसलं. तो डाग पुढे दोन धुण्यांत गेला नाही.

हा कोळसा घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांना जातो. रूळ वाढले की कोळसाही वाढेल म्हणून याच मार्गाच्या दुपदरीकरणाविरुद्ध 2020च्या नोव्हेंबरमध्ये चांदरला लोक रात्रभर रुळांपाशी जमले होते. घाटातल्या टप्प्याला दिलेली वन्यजीव मंडळाची परवानगी सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये रद्द केली. मी मोर्च्याला गेलो नव्हतो, पण मनाने त्या बाजूचाच आहे.

वास्कोला पोहोचेस्तोवर शिफ्ट सुरू होऊन पस्तीस मिनिटं झाली होती. गाडीने आलेल्या अकरा जणांनी अंगठे टेकवले. बारावा अंगठा माझा, तोही काळा.

दुपारी बैठक. मी सांगितलं, गाडी वेळेवर असली तर शिफ्ट मिळते, पण तिचा भरवसा मालगाड्यांच्या हाती. साहेबांना ते ऐकायचंच नव्हतं. त्यांनी लॅपटॉप फिरवला. रेल्वेमंत्र्यांनी 2024च्या डिसेंबरमध्ये सांगितलेला आकडा: प्रवाशांना वर्षाला 56,993 कोटींची सवलत, म्हणजे शंभराच्या प्रवासाला तिकीट चोपन्नाचं. "बघा, सेहेचाळीस टक्के सरकार घालतंय. आपल्या करांतून! मग ते न वापरता आपण वर बस कशाला पोसायची?"

एरवी मी मान डोलावली असती. पण बोट अजून काळं होतं.

मी म्हटलं, "सर, ही सवलत मिळते कोणाला? त्या बाईंना की आपल्याला?"

ते बघत राहिले. मी म्हटलं, भाडं तिप्पट झालं तेव्हा माणसं यायची थांबली. म्हणजे खऱ्या खर्चाचं तिकीट लावलं तर एक तर आपल्याला पगार वाढवावा लागेल, नाही तर माणूस मिळणार नाही. आपली मजुरी स्वस्त राहते ती त्या दहा रुपयांमुळे. तिकिटावर नाव प्रवाशाचं असतं, पण अनुदानातला मोठा वाटा आपल्या ताळेबंदात जिरतो. बस बंद केली तर आणखी जिरेल.

पुढे जरा जास्तच बोललो. ते सेहेचाळीस टक्के सगळे करांतून येतात असंही नाही. रेल्वे प्रवाशांत तोटा सोसते आणि मालवाहतुकीवर कमावते. मालाच्या नफ्यातून प्रवाशांची तूट भागते हे महालेखापरीक्षकांच्या अहवालांत कितीदा तरी आलंय. मग आज सकाळी बाईंच्या तिकिटाचे उरलेले पैसे भरले कोणी, तर समोरून गेलेल्या कोळशाने. त्यानेच त्यांचा पगारही कापायला लावला. आणि मी, कोळसा नको म्हणणारा, दहा रुपये देऊन त्याच कोळशाच्या पैशावर आलो. हे बोलताना माझं मलाच अवघडल्यासारखं झालं, कारण याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

साहेब हसले. "म्हणजे तुम्हाला कोळसा नको, बस मात्र हवी."

"सरकारने उघडपणे पैसे घालावेत," मी म्हटलं. "मालगाडीच्या खिशातून चोरून नकोत." गंमत म्हणजे आमची लाइनच मुळात तशी उभी राहिली. 1878च्या करारानंतर ब्रिटिश भांडवलावर ती बांधली गेली, पोर्तुगीज सरकारने परताव्याची हमी दिली म्हणून. कंपनीच्या नावातच 'गॅरंटीड' होतं: वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे. तेव्हा हमी भांडवलाला होती. आता पॅकिंगमधल्या बाईला वेळेवर पोहोचायची हमी मागितली की ती उधळपट्टी. हे शेवटचं वाक्य मी बैठकीत बोललो नाही, घरी जाताना सुचलं.

निकाल अर्धामुर्धा लागला. पावसाळा संपेपर्यंत बस चालू, मग पुन्हा बघू. अकरा जणांचे लेट मार्क माफ झाले, त्याचं पत्र मीच टाइप केलं.

बारावा तेवढा राहिला. गाडीने गेलो ते कामासाठी, पण बाहेरच्या कामाचा फॉर्म आदल्या दिवशी भरायचा असतो आणि तो मी भरला नव्हता. नियम माझाच. जूनच्या पगारपत्रकात माझ्या नावासमोर अर्धा दिवस कापलेला आहे.