गांजाची फाईल आणि एक-चौदाचा उतारा

२०२० साल संपता संपता गोव्यात गांजाच्या लागवडीची एक फाईल फिरली होती, हे आता किती जणांना आठवतं देव जाणे. प्रस्ताव आरोग्य खात्याचा. औषधासाठी, मर्यादित, सरकारी देखरेखीखाली लागवड आणि माल थेट औषध कंपन्यांना. कायदा खात्याने फाईल तपासून दिली, असं तेव्हाचे कायदामंत्री निलेश काब्राल यांनी सांगितलं आणि एकच गदारोळ उठला. विरोधकांनी पणजीत पत्रकार परिषदा घेतल्या, सरकारात कोण कोणाच्या बाजूने आहे ते कळेना, आणि काही दिवसांत मामला गुंडाळला गेला.

मी तेव्हा पंच होते. २०१७ ते २०२२, महिला राखीव वॉर्ड, सत्तरी तालुका. त्या फाईलविषयी माझ्या वॉर्डातल्या एकाही माणसाने मला विचारलं नाही, कारण आम्हा सत्तरीकरांचं लक्ष तेव्हा शेळ-मेळावलीकडे होतं. गुळेली पंचायतीतल्या त्या गावात आयआयटीसाठी जागेची मोजणी करायला सरकारी माणसं यायची आणि बायका रस्त्यावर आडव्या व्हायच्या. ६ जानेवारी २०२१ ला पोलीस आणि गावकरी यांच्यात झटापट झाली, अश्रुधूर सुटला, दोन्हीकडचे जखमी झाले. १५ जानेवारीला मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी मेळावलीत आयआयटी होणार नाही असं जाहीर केलं.

माझ्या डोक्यात या दोन्ही गोष्टी तेव्हापासून एकत्रच बसल्या आहेत. वरवर पाहिलं तर गांजाचा आणि आयआयटीचा संबंध काय? संबंध एक-चौदाच्या उताऱ्याचा, म्हणजे आमच्या गोव्यातल्या सातबाराचा आहे.

सत्तरीबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे आजोबा-पणजोबांनी लावलेले काजू आहेत, कुळागरं म्हणजे माड-पोफळीच्या बागा आहेत, घरं आहेत. पण एक-चौदावर नाव पाहाल तर सरकारचं, नाहीतर कुठल्या मोकासदाराचं. कुठे आल्वारा, कुठे मोकासो, हे जुन्या राजवटींतले जमीन देण्याचे प्रकार, कुठे खाजगी वन म्हणून शिक्का. मामलेदार कचेरीत अर्ज देऊन माणसं म्हातारी झाली. मेळावलीतल्या बायका शिक्षणाच्या विरोधात नव्हत्या. ज्या जमिनीतले काजू विकून मुलांना शिकवलं, तीच जमीन कागदावर आपली नाही, म्हणून त्या पेटल्या होत्या.

आता मला सांगा, उद्या गांजाच्या लागवडीचे परवाने निघाले तर अर्जाला पहिला कागद कोणता जोडायला सांगतील?

हे सगळं आत्ता आठवायचं कारण हिमाचल प्रदेश. तिथल्या विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये औषधी आणि औद्योगिक वापरासाठी भांगेच्या, म्हणजे गांजाच्याच झाडाच्या, नियंत्रित लागवडीचा ठराव घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने पालमपूर आणि नौणी इथल्या दोन विद्यापीठांना प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी दिली. उत्तराखंडने तर २०१८ पासूनच धाग्यासाठी आणि बियांसाठी परवाने द्यायला सुरुवात केली होती. आपला अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. त्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा, चरस म्हणजे त्याचा चीक. नुसतं बी आणि शेंड्याशिवायचं पान त्या व्याख्येत येत नाही. लागवडीला परवानगी द्यायचा अधिकार त्याच कायद्याने राज्यांना दिलेला आहे. म्हणजे गोव्याच्या त्या फाईलीत कायद्याला सोडून काही नव्हतं. परवानगीशिवाय एक रोप लावलं तर मात्र तुरुंग, आणि शिक्षा १० वर्षांपर्यंत जाऊ शकते. आमच्या वाळपईच्या बाजारात हा फरक कोणाला ठाऊक नसतो. ‘हिमाचलात गांजा मोकळा केला’ एवढंच ऐकलेलं असतं. आणि तेवढ्यावर जमिनीचे दलाल हिंडायला लागतात. ‘औषधी वनस्पतींसाठी डोंगराची जागा लीजवर आहे का’ असं विचारत आमच्या वाड्यावरही एक जण येऊन गेला. कुठली वनस्पती ते सांगेना. आमच्या शेजारच्या काकांनी त्याला अडुळसा दाखवून वाटेला लावला.

माझी भाची सॅक्रामेंटोला असते. चवथीला आली होती तेव्हा तिने मला एक जुनी पुस्तिका आणून दिली. तिला माहीत आहे, मला असलं काही दिलं की मी चॉकलेटांहून खूश होते. कॅलिफोर्नियात निवडणुकीआधी सरकार मतदाराच्या घरी ही पुस्तिका पाठवतं. मतपत्रिकेवर उमेदवारांच्या जोडीला प्रश्नही असतात आणि प्रत्येक प्रश्नावर बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं, विरुद्ध बोलणाऱ्यांचं म्हणणं, मग एकमेकांना दिलेलं उत्तर, सगळं शेजारी शेजारी छापलेलं. २०१६ ची ती पुस्तिका होती आणि त्यातला ६४ नंबरचा प्रश्न गांजाचा. तो सुमारे ५७ टक्के मतांनी मंजूर झाला.

पुस्तिकेवरून मी मग त्या राज्याच्या उत्तरेकडच्या काउंट्यांविषयी वाचत गेले. मेंडोसिनो, हम्बोल्ट, ट्रिनिटी. काउंटी म्हणजे आपला जिल्हा धरा, पण अधिकार बरेच जास्त. शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, लोक मत देऊन निवडतात. डोंगराळ मुलूख, लाकूडतोडीवर जगणारा. आपल्या हणजुणे-वागातोरला जे हिप्पी आले त्यांचेच भाऊबंद तिकडे डोंगरात झोपड्या बांधून राहिले आणि लाकडाचा धंदा बसत गेला तसा गांजा वाढत गेला.

तिथला लोकांचा खेळ बघण्यासारखा आहे. मेंडोसिनोत २००० साली लोकांनीच पुढाकार घेऊन ‘मेझर जी’ नावाचा प्रश्न मतपत्रिकेवर आणला: घरच्या वापरासाठी माणशी २५ रोपांपर्यंत पोलिसांनी मागे लागू नये. मंजूर झाला. त्याच्या आडोशाने बाहेरची माणसं येऊन मोठमोठी लागवड करायला लागली, ओढ्यांचं पाणी ओढायला लागली, तेव्हा त्याच काउंटीतल्या लोकांनी जून २००८ मध्ये ‘मेझर बी’ला मत देऊन पहिला निर्णय पुसून टाकला. आठ वर्षांत होकार आणि नकार, दोन्ही मतदानाने. यात मला काहीच वावगं वाटत नाही. अनुभव आला, मत बदललं.

पण मला खरा धक्का बसला तो २०१० चा निकाल वाचून. त्या वर्षी गांजा कायदेशीर करायचा राज्यव्यापी प्रस्ताव, १९ नंबरचा, पडला. आणि जिथे गांजा सर्वांत जास्त पिकायचा त्या तिन्ही काउंट्यांत विरोधी मतं जास्त होती! पिकवणाऱ्यांनाच ते नको होतं. का? कायदेशीर झालं की भाव पडणार आणि मैदानातले भांडवलवाले उतरणार, हे त्यांना दिसत होतं.

झालंही तसंच. २०१६ च्या कायद्यात लहान शेतकऱ्याला धीर देणारं एक कलम होतं, की एक एकरापेक्षा मोठ्या लागवडीला पहिली पाच वर्षं परवाना नाही. पण २०१७ च्या अखेरीस राज्याने जे नियम काढले त्यात एका मालकाने किती लहान परवाने घ्यावेत याला मर्यादाच ठेवली नाही. मग काय, कंपन्यांनी लहान परवान्यांची चळत लावून मोठी शेतं उभी केली. लहान शेतकऱ्याला काउंटीचा परवाना वेगळा, राज्याचा वेगळा, पाणी खात्याचा वेगळा, वन्यजीव खात्याचा वेगळा. वर २०१८ पासून फुलोऱ्याच्या दर औंसाला सव्वानऊ डॉलर लागवड कर. २०२१ मध्ये भाव कोसळले. कर रद्द झाला जुलै २०२२ मध्ये, तोवर पुष्कळांनी शेती सोडली होती. कॅलावेरास नावाच्या दुसऱ्या एका ग्रामीण काउंटीने तर कमालच केली: २०१६ मध्ये शेतकऱ्यांकडून ५-५ हजार डॉलर फी घेऊन नोंदणी केली, नवे लोक निवडून आल्यावर २०१८ मध्ये बंदी घातली, २०१९ मध्ये पुन्हा दार उघडलं. फी भरून बसलेल्यांनी काय करायचं?

हे वाचताना मला काजूची पावणी, म्हणजे लिलाव, आठवत होती. फेणी बेकायदेशीर नाही, उलट २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आता तर विमानतळावर नक्षीदार बाटलीत मिळते. आमच्या घरी एके काळी फेणी गाळायची भाटी होती. एप्रिलमध्ये पहाटे बोंडू, म्हणजे काजूची फळं, गोळा करायचे, बी पिळून वेगळी काढायची, बोंडू कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या कुंडात, टाकून पायांनी तुडवायचे. माझ्या सासऱ्यांच्या टाचांना त्या रसाने चिरा पडायच्या आणि त्या पावसाळ्यापर्यंत भरायच्या नाहीत. रस आंबला की तांब्याच्या भाणात चढवायचा. पहिल्या धारेचा हुर्राक, पुन्हा चढवला की फेणी. पण काजूच्या झोनची पावणी अबकारी खात्याची. ज्याच्या बोलीला झोन सुटला त्याचा गाळायचा हक्क, बाकीच्यांनी त्याला बोंडू घालायचे, डब्याला तो देईल त्या भावाने. बोली वर गेली तशी आमची भाटी थांबली. भाण अजून माडीवर पडलेलं आहे, भंगारवाला दर वर्षी विचारतो. सासऱ्यांनी कधी कायदा मोडला नाही, कधी कर चुकवला नाही, आणि तरी त्यांच्याच झाडाच्या बोंडूवर शेवटी भाव दुसऱ्याचा चालला.

म्हणून गांजाच्या बाबतीत ‘तुम्ही बाजूने की विरोधात’ असं कोणी विचारलं की मला वैताग येतो. माझे यजमान कट्टर विरोधात. त्यांचं म्हणणं, किनारपट्टीवर काय चाललंय ते दिसत नाही का, ती घाण डोंगरात कशाला आणायची. त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. माझ्या वॉर्डातल्या एका मुलाला किनाऱ्यावर नोकरीला असताना गांजासकट पकडलं. माल थोडा होता, किलोच्या आतला, कायद्याच्या भाषेत ‘अल्प प्रमाण’. तरी वर्षभर त्याची आई म्हापशाच्या कोर्टाचे हेलपाटे घालत होती आणि बसमधून उतरल्यावर कोणी ‘खंय गेल्लें गे?’ विचारलं की ‘आजारी बहिणीकडे’ म्हणायची. दुसरीकडे माझी मैत्रीण कॅन्सरच्या शेवटच्या महिन्यांत ज्या वेदनेत होती ती मी पाहिली आहे. या झाडातून कुणाला आराम पडत असेल आणि ते औषध आपल्या मातीत पिकत असेल, तर मी आडवी येणार नाही.

पण डोंगर कोणाचा, परवाना कोणाचा, पाणी कुठलं, हे आधी सांगा. ज्याची तीन पिढ्यांची वहिवाट आहे पण उताऱ्यावर नाव नाही, त्याला परवाना मिळेल का? एका नावावर किती परवाने? कुंपण, कॅमेरे, रखवालदार यांचा खर्च अर्धा एकरवाला कुठून आणणार? आणि पंचायतीला नको म्हणायचा हक्क असेल का? २०२० मध्ये जो गोंधळ झाला त्यात हे प्रश्न ना सरकारने काढले ना विरोधकांनी. दोघंही तरुण पिढी बरबाद होईल की नाही यावर भांडले. नेत्यांना ते भांडण सोयीचं असतं, त्यात जमिनीचा विषय निघत नाही.

मेळावलीवाल्यांनी एक गोष्ट मात्र दाखवून दिली. त्यांच्याकडे ना पुस्तिका होती ना मतपत्रिकेवरचा प्रश्न. घराघरांत बैठका, देवळासमोर जमणं, बायका पुढे, मोबाईलवर व्हिडिओ, शेजारच्या गावांना निरोप. विशेष म्हणजे सगळ्या पक्षांचे झेंडे लांब ठेवायचा हट्ट. आठवडाभरात खुद्द आमचे आमदार आणि मंत्री विश्वजित राणे प्रकल्प मेळावलीत नको म्हणायला लागले. आमच्या तालुक्यात हे बघायला मिळेल असं मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण ते सगळं झालं ते मोजणीवाले दारात आल्यावर. डोकी फुटायच्या आधी बोलायची आपल्याला सवयच नाही.

तेव्हा मी येत्या ग्रामसभेसाठी विषय लेखी दिला आहे. ‘औषधी अथवा औद्योगिक कारणासाठी गांजा किंवा भांगेच्या लागवडीचा कोणताही प्रस्ताव सरकारने आणल्यास तो आधी ग्रामसभेपुढे ठेवावा, आणि जमिनीच्या मालकीचे प्रलंबित दावे निकालात काढल्याशिवाय या पंचायतीच्या हद्दीत परवाने देऊ नयेत.’ एवढंच. बाजूनेही नाही, विरोधातही नाही. सेक्रेटरी भला मुलगा आहे. कागद दोनदा वाचून म्हणाला, “बाय, हा विषय पंचायतीच्या अखत्यारीत येत नाही. वर लोक हसतील.”

मी म्हटलं, “आयआयटी तरी कुठे येत होती?”

त्याने शिक्का मारून पोच दिली. सह्यांचा कागद माझ्याकडे आहे, यजमानांनीही सही केली आहे, कुरकुरत. वॉर्डातल्या ज्यांना करायची असेल त्यांनी संध्याकाळी घरी या. सकाळी मी कुळागरात असते आणि तिथे मोबाईलला रेंज नाही.